हरणाबाईची अर्धी गोळी

दर महिन्याला सासूची झोपेची गोळी आणायला मी सरकारी दवाखान्यात जायचे. लग्न होऊन माणच्या या माळावर आले तेव्हापासून ते काम माझंच. मामंजी गेल्यावर कुणा डॉक्टरने हरणाबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, थोड्या दिवसांसाठी म्हणून ती लिहून दिली होती. तो बदलून गेला. पुढचे आले, तेही गेले. गोळी राहिली. आत्या, सासूला मी आत्याच म्हणते, माझ्याशी कधी धड बोलल्याच नव्हत्या. भाकरी पुढ्यात ठेवली तरी डोळे धुक्यात.

यंदा नवी डॉक्टरीण आली. म्हणाली, "एकदम तोडायची नाही. हळूहळू कमी करू. आधी अर्धी."

गोळीचे तुकडे लहान होत गेले, तशा आत्या जाग्या होत गेल्या. हात थरथरायचे, घाम फुटायचा. पण एके दिवशी चुलीपाशी बसून म्हणाल्या, "सृष्टे, किती गं एकटीच बोलतीस!"

मला रडूच आलं. इतक्या वर्षांनी सासू भेटली होती. त्या दिवशी त्यांनी माझी वेणी घातली.

तेवढंच सुख.

एका दुपारी आम्ही दोघी मटकी पाखडत होतो. ऊन असं, की माळावर काही हलत नव्हतं. आत्यांचं सूप थांबलं.

"ऐकलंस?"

"काय, आत्या?"

"त्येंचा आवाज... हाक मारत्यात."

मग त्यांनी सांगितलं. मामंजी, म्हणजे माझे सासरे धुळा, अशाच दुपारी मेंढरांमागं गेले आणि माळावरच्या कोरड्या विहिरीत पडले. दिवस मावळेपर्यंत हाका मारत होते.

"मला ऐकू येत हुतं गं. तुझ्या नवऱ्यालाबी, बिरूला. आमाला वाटलं, मेंढरं हाकत्यात... हाका थांबल्या, तवा मी भाकऱ्या थापाय घेतल्या. म्हटलं, आलं आता."

विहीर पुढं मातीनं बुजवली.

"गोळी झोपंसाठी न्हवती, पोरी."

मी समजूत घातली. गोळी कमी झाली की असे भास होतात, डॉक्टरणीनं सांगितलंच होतं. मी बोलत होते आणि कुंपणातली मेंढरं एकेक करून उठत होती. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, बुजवलेल्या विहिरीकडं. मग मलाही ऐकू आलं. मातीखालून, दमलेलं, घसा सुकलेलं...

"बिरूऽऽ..."

मी नवऱ्याला फोन लावला. बिरदेव मुंबईत हमाली करतो. मी तोंड उघडायच्या आत पुन्हा हाक आली, फोनवरून त्यालाही ऐकू गेली असावी.

"आईची गोळी कमी केलीस?"

"आवं, तुमाला कसं..."

"पयल्याएवढी दे तिला. आजच दे."

"तुमालाबी ऐकू यायचं?"

"न्हाईतर मुंबईला कशाला आलो असतो?"

फोन बंद झाला. आईला झोपवून हा निघून गेला होता आणि हाका ऐकायला बायको करून ठेवली होती.

डॉक्टरीण म्हणाली, थोडा धीर धरा. मी धरलाही असता. पण आत्याच माझ्या पाया पडल्या. सासू, सुनेच्या. मी पूर्ण गोळी त्यांच्या हातावर ठेवली. डोळ्यांत धुकं परत आलं. वेणी घालणारी बाई गेली ती गेलीच.

हाक मात्र मला येत राहिली. पुढं डॉक्टरीणही बदलून गेली. नव्या डॉक्टरला म्हटलं, झोप लागत नाही. मान वर न करता त्यानं तीच गोळी लिहिली. "थोडे दिवस घ्या," म्हणाला.

हाक गेली, हे खरं.

पण सकाळी आत्यांच्या तळहातांवर वळ दिसतात. जड काहीतरी दोरानं ओढल्यासारखे, ताजे, लालभडक. आधीही असायचे की काय, कोण जाणे. त्यांचे हात मी कधी नीट पाहिलेच नव्हते. दाराला आतून कडी असते. घरात दोर नाही, शेळीसुद्धा साखळीला बांधतो. विचारलं की आत्या मुठी मिटून बसतात.

आज सकाळी मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं. पाणी लागलं आणि माझेच तळहात झोंबले.