दुसरा बिल्ला

एकट्या माणसाला बुरशीच्या मलमाच्या बारा ट्यूबा कशाला लागतात?

नेरूळच्या मेडिकलमध्ये माझ्यापुढे उभ्या असलेल्या त्या उंच, सावळ्या मुलाने बारा ट्यूबा मागितल्या, तेव्हा मला हा प्रश्न पडला. आणि मला पडलेला प्रश्न पोटात राहत नाही. बाहेर भाद्रपदातली एक सर येऊन गेली होती. त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, शर्टाला कोळंबीचा वास येत होता. मी आईच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी हातात धरून म्हटलं, "दुकान टाकताय का?"

तो वळला. आधी कपाळाला आठी… मग हसू. "बोटं सहाशे हायेत, मॅडम. बारा पन कमीच पडतील."

यावर गप्प बसले असते तर ती मी कसली! मी क्रांती. कामोठ्यात राहते, नेरूळच्या एका लहानशा साप्ताहिकात बातमीदार आहे. तोवरची माझी सगळ्यात मोठी बातमी म्हणजे सोसायट्यांची पाणीकपात. आणि तो मितेश, सारसोळ्याचा कोळी, तळोज्याच्या एमआयडीसीतल्या कोळंबी सोलायच्या शेडमध्ये सुपरवायझर. समोरच्या टपरीवर एका चहाचे तीन चहा झाले, तेव्हा कुठे मला त्या सहाशे बोटांचं कोडं उलगडलं.

साठ बायका रोज दहा तास ओल्या फरशीवर उभं राहून बर्फातली कोळंबी सोलत होत्या. हातमोजे नाहीत, टेकायला स्टूल नाही. बोटांची कातडी सोलवटायची, नखं कुजायची.

"आनि बाथरूमला जायचं तर बिल्ला लागतो," तो ग्लासात बघत म्हणाला. "पितळेचा. माझ्या टेबलावर टांगलेला असतो. साठ जनींना एकच. एक परत आली का मग दुसरी जानार."

"आणि कुणाला घाई असेल तर?"

"म्हनून तर त्या पानीच पीत नाय."

मी वही काढली. तो म्हणाला, "तुमी लिहिनार काय?" मी म्हटलं, "नाही, चित्र काढणार." तो इतका मोकळा हसला, की टपरीवाल्यानेही वर पाहिलं.

पुढचे तीन महिने मी दर रविवारी त्याच्या बाईकवर मागे बसून तळोज्याला गेले. शेडमधल्याच मुक्ताबाईंच्या खोलीत बाकीच्या बायका जमायच्या. मुक्ताबाई परभणीच्या, म्हणजे माझ्या आजोळच्याच मुलखातल्या. त्या बोलायला लागल्या की बाकीच्यांची भीड चेपायची. मितेश बाहेर पायरीवर बसून राहायचा. बायका त्याच्यासमोर बोलायला लाजतील म्हणून आत यायचा नाही. येताना मी जाणूनबुजून लांबचा रस्ता सांगायचे, आणि तो जाणूनबुजून विचारायचा नाही.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. एका संध्याकाळी सारसोळ्याच्या जेट्टीवर बसलो होतो. ओहोटीचा चिखल, खारफुटीवर बगळे. तो अचानक म्हणाला, "एक गंमत सांगू? बिल्ले दोन हायेत."

"म्हणजे?"

"तसाच दुसरा बनवून घेतला मी. दोन वरसं झाली. मालक राउंडला आला का एक खिशात. त्याला पत्ता नाय."

वर्गात चिठ्ठी फिरवणाऱ्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता. लोकांना प्रेमात पडायला काय काय लागतं, मला तेवढं एक वाक्य पुरलं.

"काय बघतेस?"

"काही नाही… नाकाला खवला चिकटलाय."

"खोटं."

"हो, खोटं."

तो लाजला. मीही लाजले, पण मला ते लपवता येतं.

आता सांगायलाच हवं ते सांगते. आमच्या संपादक सुचिताताईंचा नियम साधा आहे. नाव बदलायचं, गाव बदलायचं, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला छापण्याआधी ते वाचून दाखवायचं. मी एकेका बाईला फोन लावून तिचं म्हणणं वाचून दाखवलं. 'रडत म्हणाल्या' हे मुक्ताबाईंनी काढायला लावलं. "मी कुठं रडले, बाई? माझ्या नावावर रडणं नको घालूस."

मितेशचा परिच्छेद तेवढा मी त्याला वाचून दाखवला नाही. मला त्याला सरप्राइज द्यायचं होतं. ताईंनी विचारलं, "सगळ्यांना वाचून दाखवलंस?" मी म्हटलं, "हो." त्याचं नाव बदललं, गाव बदललं, आणि गुपचूप दुसरा बिल्ला बनवून घेणाऱ्या सुपरवायझरबद्दल दहा ओळी लिहिल्या. आयुष्यात तशा ओळी मी लिहिल्या नव्हत्या. पण बिल्ला टांगलेलं टेबल अख्ख्या शेडमध्ये एकच होतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. प्रेम आंधळं असतं म्हणतात. बातमीदाराचं तरी असू नये.

लेख गुरुवारी आला. मोठ्या पेपरांनी तो उचलला. आठवड्याभरात तपासणीला सरकारी माणसं आली, आणि एका शेडवर न थांबता आजूबाजूच्या सगळ्या शेडमध्ये शिरली. महिन्यात हातमोजे आले, स्टुलं आली, दोन नवी बाथरूमं झाली, बिल्ला बंद झाला. मुक्ताबाईंचा फोन आला, "आता कामावर तांब्याभर पाणी पिते बघ, पोरी." मी ऑफिसच्या जिन्यात बसून हमसाहमशी रडले. ते रडणं काही फक्त आनंदाचं नव्हतं.

कारण मितेशला गुरुवारीच काढलं होतं. साठ बायकांसमोर मालकाने त्याला खिसे उलटे करायला लावले. मालकाला फसवणारा म्हणून शेजारच्या शेडवाल्यांनीही त्याला दारात उभं केलं नाही. शेवटी रत्नागिरीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये त्याला काम मिळालं. हे सगळं मला मुक्ताबाईंकडून कळलं. माझा फोन तो उचलत नव्हता.

निघायच्या दिवशी दुपारी मी त्याला जेट्टीवर गाठलं. तो काकाच्या होडीला दोर बांधत होता.

"मितेश… माझं चुकलं."

"लेख मस्त हाय," तो दोर न सोडता म्हणाला. "बायांचे हाल संपले. नोकरीचं मला काय वाटत नाय. खरंच."

"मग फोन का उचलत नाहीस?"

त्याने दोराला आणखी एक पीळ दिला. आणि मी, जी शब्द तोलून लिहिते, ती भलत्याच वेळी बोलून गेले, "मला तू आवडतोस. म्हणजे… खूप. केव्हापासून—"

"म्हाईत हाय. लेखात वाचलं." क्षणभर तो हसला. "मालकानं पन वाचलं."

माझे डोळे भरून आले. त्याने दोर खाली ठेवला.

"मुक्ताबाईला वाचून दाखवलंस. सगळ्या बायांना फोन केलेस. मला एक फोन नाय?"

"तुला सरप्राइज…"

"क्रांती, तू इचारलं असतंस तर मी 'छाप' बोललो असतो. नोकरी जानार, हे समजून बोललो असतो. पन ते मी बोललो असतो… तू नाय."

एक होडी लागली, माणसं उतरली, टोपल्या गेल्या. शेवटी मी कशीबशी म्हणाले, "रत्नागिरीला येऊ मी? तुला भेटायला?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. पहिल्या दिवशी मेडिकलमध्ये पाहिलं होतं त्याहून खूप वेळ.

"आज इचारलंस," तो हळूच म्हणाला. मग मान हलवली. "नको येऊस."

त्याला पटवायला माझ्याकडे शंभर वाक्यं होती. शब्दांवरच तर माझं पोट चालतं. पण हे उत्तर त्याचं होतं. मी "बरं" म्हणाले, आणि तिथून एकटीच चालत निघाले.