दोन मनगटांमधली ओढ

ज्या वर्षी गौराबाईंची लेक चंद्रावरच्या तळावर बाळंत झाली, त्याच वर्षी गौराबाई आणि मल्लाप्पा मिरजेला डॉक्टर तस्नीम मुल्लांच्या प्रयोगशाळेत गेले. लेकीचं बाळंतपण करायला जाता येत नव्हतं आणि इचलकरंजीच्या घरात दोघांच्या खाटा दोन भिंतींना लागून कैक वर्षं झाली होती.

पाळी गेल्यापासून गौराबाईंना जवळीक दुखायची. त्या नको म्हणाल्या, आणि मल्लाप्पांनी पुन्हा विचारलं नाही. आपण होऊन मागणं गौराबाईंना जन्मात जमलं नव्हतं. बाईनं ते तोंडानं म्हणायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तरी ठाऊक होतं.

"दुखण्यावर मलम देते," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी घड्याळाच्या पट्ट्यासारखे दोन पट्टे पुढं ठेवले. "आणि हे संवेदवाहक. एकाच्या मज्जातंतूंत ओढ उठली, की पट्टा ती टिपतो आणि दुसऱ्याच्या अंगात पोचवतो. आतला पातळ पापुद्रा सोलून बांधा. कातडीला लागल्याशिवाय तो चालत नाही."

"आणि ओढ उठलीच नाही तर?" मल्लाप्पांनी विचारलं.

"तर दुसऱ्याला नुसतं रिकामं जाणवेल. हा निर्माण करत नाही, नुसता वाहून नेतो."

मल्लाप्पा साखरेच्या आजारानं बधिर झालेली बोटं चोळत राहिले.

"मग माझी कुठली आणि यांची कुठली, कळायचं कसं?" गौराबाई म्हणाल्या.

"नाही कळणार. आलेली ओढही स्वतःचीच वाटते."

"मग बरंय," गौराबाई म्हणाल्या, आणि पदराआड हसल्या.

पुढच्याच आठवड्यात गवारी मोडता मोडता त्या थांबल्या. अंगातून काहीतरी ऊबदार सरकत गेलं होतं.

"अहो, तुमच्या मनात काहीतरी आलंय वाटतं."

मल्लाप्पांनी चष्म्यावरून बायकोकडं पाहिलं. हातातला पेपर मिटत म्हणाले, "आलं असेल."

"असेल काय? पट्टा खोटं बोलतोय का?"

"तो कशाला खोटं बोलेल."

खाटा जोडल्या गेल्या. तरुणपणासारखं काही नव्हतं. गुडघे कुरकुरायचे, मल्लाप्पांचं शरीर साथ द्यायचं नाही. पण हात होते, वेळ होता. "तुम्हाला इथं हात ठेवायचाय ना?" गौराबाई विचारायच्या आणि ते "हो" म्हणायचे. "या वयात लाज नाही तुम्हाला," असंही त्या वर ऐकवायच्या.

"काढून ठेवू का मग पट्टा?"

"हात तर लावून बघा त्याला."

मल्लाप्पा गेले, तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ घालताना गौराबाईंनी स्वतः त्यांच्या मनगटावरचा पट्टा सोडला. आतला पापुद्रा जसाच्या तसा होता.

दिवसकार्य झाल्यावर त्या पट्टा घेऊन मिरजेला गेल्या. डॉक्टरांनी तो यंत्राला लावून पाहिला.

"हा एकदाही चाललेला नाही, गौराबाई."

"मग माझ्या अंगात यायचं ते?"

"तुमचंच होतं." डॉक्टरांनी पट्टा यंत्रातून काढला. "तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, माझ्यात आता काही उठत नाही. तिला माझ्याकडून नुसतं रिकामं पोचलं तर ती खचेल. मी म्हटलं, तिला सांगा. ते बरं म्हणाले."

"मी रोज म्हणायची, तुमच्या मनात आलंय. कधीच 'नाही' म्हणाले नाहीत."

"नाही म्हणाले असते, तर तुम्ही पुन्हा बोलला असता?"

गौराबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग विचारलं, "माझी ओढ तरी त्यांना लागायची ना?"

"पापुद्रा होता. तीही पोचली नसणार."

"म्हणजे ते नुसतं माझं ऐकून यायचे," गौराबाई म्हणाल्या. "मला हवंय, असं एकदा म्हणायला पाहिजे होतं मी. त्यांना तेवढं तरी ऐकायला मिळालं असतं."

पट्टा त्यांनी परत दिला नाही. तिथंच बसून त्याचा पापुद्रा सोलला आणि पट्टा आपल्या दुसऱ्या मनगटावर बांधला.

मल्लाप्पा फाल्गुनात, सकाळचा चहा घेताना वारले. गौराबाई त्यानंतर चार वर्षांनी, चंद्रावर जन्मलेला नातू पहिल्यांदा पृथ्वीवर उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी वारल्या.