दिव्याच्या गाण्याचं पान

"रविवारी मला काढून टाकणार आहेत," चष्मेवाला म्हणाला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"नोकरीवरून?" भावोजींनी हळहळत विचारलं.

"छे! दुकान माझंच आहे. मला 'पायरी'वरून काढणार आहेत."

भावोजींनी वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या थोरल्या भावाच्या या बायकोचं आयुष्य विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेलं होतं. आता त्या घरबसल्या लोकांची कोडी सोडवत. भावोजी नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. तपासात टिपणं घेणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही दोन कामं त्यांच्याकडे होती, आणि दोन्ही ते मनापासून करत.

"पायरी म्हणजे काय ते आधी सांगा," वहिनी म्हणाल्या.

चष्मेवाल्याने सांगितलं. 'अर्धा जिना' नावाचा एक बँड होता. दोन अल्बम काढून तो विरून गेला, पण ज्यांच्या कानात बसला त्यांच्या कानातून काही निघाला नाही. अशा लोकांची इंटरनेटवरची बैठक म्हणजे पायरी. तिथले लोक स्वतःला पायरीकर म्हणवतात. आत्यांनी ती सुरू केली त्याला पंधरा वर्षं झाली. आत्या कोणाचीच आत्या नाहीत, पण सगळे तसंच म्हणतात. गाणारा, म्हणजे गाणी लिहिणाराही तोच, गेल्या वर्षी वारला, तेव्हा पायरीकर रात्रभर जागून एकमेकांशी बोलत होते.

"मला सख्खं कोणी नाही हो," तो म्हणाला. "जे आहेत ते तिथे आहेत."

"आणि तुम्ही केलंत काय?"

"काहीच नाही! 'दिवा' या गाण्याचं पान कोणीतरी पुसून टाकलं. सगळ्यांत लाडकं गाणं. पंधरा वर्षांच्या चर्चा, भांडणं, सगळं साफ. पान पुसायला किल्ली लागते. ती आम्हा तिघांकडे आहे. मी, आत्या आणि इस्त्रीवाला. तिघंही 'राखणदार' या एकाच नावाने आत जातो, म्हणून कोणी पुसलं ते कळत नाही. पण रोजची झाडलोट मीच करतो. मग बोट माझ्याकडेच वळणार."

"गाणं म्हणून दाखवा."

तो गायला नाही, फक्त बोलला. "दिवा मालवला, भिंत चाचपतो, आईना दिसे मला."

"दिवा मालवल्यावर?"

"तेच तर!" चष्मेवाल्याचा चेहरा उजळला. "अंधारात आरसा कसा दिसेल? त्यावरच तर सगळे वाद! कोणी म्हणे आरसा म्हणजे आत्मा, कोणी म्हणे मृत्यू. अल्बमवर शब्द छापलेलेच नव्हते, आम्ही ऐकून लिहून काढले. आता तर नवीन माणसाने आरशात स्वतःचा फोटो काढून टाकल्याशिवाय त्याला पायरीकर मानतच नाहीत."

"त्या पानाशी कोणी खोड्या करायचं?"

"एक निनावी होता. शब्दांत दुरुस्ती कोणीही सुचवू शकतो. हा अधूनमधून यायचा आणि 'आईना'चे दोन तुकडे करून जायचा. मध्ये मोकळी जागा. दुसरं अक्षर बदलायचा नाही. मी पुन्हा जोडायचो. एकदा वैतागून लिहिलंही, बाबा रे, आधी शुद्धलेखन सुधार. गेल्या वर्षी थांबलाच तो. कंटाळला असेल."

"हे आत्यांना माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. दुरुस्त्या एकट्या मलाच दिसायच्या. गेल्या महिन्यात आम्ही सगळी पायरी नव्या यंत्रावर हलवली, तेव्हा जुने बदल तिघांनाही दिसायला लागले. पुढच्याच आठवड्यात पान गेलं."

वहिनींनी मान डोलावली. भावोजींनी लिहून घेतलं: निनावी माणूस, अशुद्ध लिहिणारा.

इस्त्रीवाल्याच्या लाँड्रीत वाफेने वहिनींच्या चष्म्याच्या काचा धुरकटत होत्या. अंगाने आडवा, जिभेने तिखट असा हा गृहस्थ शर्टाची कॉलर दाबता दाबता बोलत होता.

"रविवारचं मतदान मीच मागितलंय. राखणदारच घर लुटायला लागला तर?"

"तुमच्याकडे बँडच्या बऱ्याच वस्तू आहेत म्हणे," वहिनी म्हणाल्या.

"सगळ्या! एकूण एक फोटो. उजव्या हाताने गिटार वाजवणारा, उजव्या हाताने सही करणारा, उजव्या हाताने चहा पिणारा, सगळा माझ्या कपाटात आहे. पण कपाटाबाहेरचं कोणालाच ठाऊक नाही. आयुष्यात एक मुलाखत दिली नाही पठ्ठ्याने. आई कोण, बाप कोण, लहानपण कुठे गेलं, काही म्हणजे काही नाही."

बाहेर पडताच भावोजी कुजबुजले, "वहिनी, हाच. चोराच्या उलट्या बोंबा."

"असेल हो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी 'असेल हो' म्हटलं की नसतो, हे भावोजींना अनुभवाने कळायला हवं होतं.

आत्यांचं घर नीटनेटकं होतं. भिंतीवर बँडचं एकही चित्र नव्हतं. सत्तरीच्या आत्यांनी पाणी दिलं आणि भावोजींच्या हाताकडे पाहून त्या हसल्या.

"डावरे का तुम्ही? तोही होता, लहानपणी. हातावर मारून मारून मोडली ती सवय."

भावोजी खूश झाले. आपल्या पंगतीला एवढा मोठा गायक! त्यांनी आपल्या मास्तरांच्या छडीची हकिकत लांबण लावून सांगितली. वहिनींनी मध्ये एकदाही टोकलं नाही, हे नवलच.

"ती ओळ जरा वाचून दाखवता?" वहिनींनी कागद पुढे केला. "माझा चष्मा राहिला."

चष्मा वहिनींच्या पदराआड गळ्यातच होता. भावोजी सांगणार होते, पण वहिनींनी डोळे वटारले.

आत्यांनी कागद हातात घेतला. "दिवा मालवला, भिंत चाचपतो, आई..." त्यांना धाप लागली असावी. भावोजींनी लगबगीने पाण्याचा पेला पुढे केला. "ना दिसे मला," आत्यांनी ओळ पुरी केली.

शनिवारी दुपारी वहिनींनी तिघांनाही चष्म्याच्या दुकानात बोलावलं.

"शब्दात मोकळी जागा सोडणारा आणि पान पुसणारा, ही दोन वेगळी माणसं आहेत," त्यांनी सुरुवात केली. "ज्याच्याकडे किल्ली आहे, तो निनावी कशाला येईल? तेव्हा आधी जागा सोडणारा. तो शब्द बदलत नव्हता, फक्त तोडत होता. तोडून वाचा. आई. ना. दिसे मला."

इस्त्रीवाल्याने मनातल्या मनात वाचलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अंधारात आरसा दिसतच नाही. आरसा नव्हताच तिथे. अंधारात आईला शोधणारं लहान मूल होतं. शब्द छापलेले नाहीत, ऐकायला दोन्ही सारखंच. मग खरा शब्द कोणाला ठाऊक असणार? ज्याने तो लिहिला त्याला. आणि हा निनावी थांबला केव्हा? गेल्या वर्षी. गाणारा वारला केव्हा?"

"गेल्या वर्षी," चष्मेवाला म्हणाला. मग त्याचा आवाज फुटला. "तो होता? तो स्वतः येत होता? आणि मी त्याला... मी त्याला शुद्धलेखन शिकवलं?"



"आता पान पुसणारा," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "त्याचं लहानपण जगात कोणालाच माहीत नाही. फोटोत तो सगळीकडे उजव्या हाताचा. तरी एका व्यक्तीला माहीत होतं की लहानपणी तो डावरा होता. त्याच व्यक्तीने ओळ वाचली तेव्हा ती 'आई'वर थांबली. भावोजी, ती धाप नव्हती."

भावोजींच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी आत्यांकडे पाहिलं, आणि पाहिल्याचं त्यांनाच वाईट वाटलं.

"दिवा मीच मालवला होता," आत्या म्हणाल्या. "मी घर सोडून निघाले ते त्याला दिसू नये म्हणून. पाच वर्षांचा होता. मला वाटलं, झोपलाय. जागा होता, हे गाणं ऐकल्यावर कळलं."

त्यांनी काउंटरवरची चष्म्याची एक डबी उघडली आणि मिटली.

"पायरी सुरू केली ती कधीतरी तो तिकडे फिरकेल म्हणून. तुम्ही आरसा म्हणालात, मी म्हणू दिलं. तेवढंच माझं तोंड झाकलं गेलं. गेल्या महिन्यात ते जुने बदल वाचले. पोर कितीदा दारात येऊन गेलं माझं! मला ते पान बघवेना." त्या चष्मेवाल्याकडे वळल्या. "आणि तूही कधीतरी वाचशील, तुला उमजेल, तू आयुष्यभर स्वतःला खात बसशील, म्हणून पुसलं. तुझ्यावरच आळ येईल हे डोक्यात आलं नाही. आल्यावर मात्र बोलायचा धीर झाला नाही. ते मी चुकले. पानाची नक्कल आहे माझ्याकडे, लावून टाक."

इस्त्रीवाला खाकरला. "मतदान नाही होणार," तो चष्मेवाल्याला म्हणाला. "चुकलं माझं."

"आत्या, तुम्ही कोणाला काही सांगू नका," चष्मेवाला डोळे पुसत म्हणाला. "माझ्या हातून चुकून पुसलं गेलं, असं सांगतो. उद्या ते तुम्हाला नाही नाही ते बोलतील."

"बोलू देत." आत्या काउंटरला धरून उठल्या. "एकदा न सांगता गेले. आता सगळ्यांना सांगून जाते."

चष्मेवाल्याने त्यांच्यासाठी दार उघडलं आणि तिथेच अडून उभा राहिला.

"जाते म्हणू नये, आत्या," तो म्हणाला. "येते म्हणावं."