चौथी स्लाइड

श्रावणातली भुरभुर दोन दिवस थांबली नव्हती. गुलबर्ग्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोर्चमध्ये मैत्रेयी लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून उभी होती. स्वतःशीच पुटपुटत होती... "आमचं उत्पादन तीन थरांच्या संमिश्र वस्त्रापासून..."

"कुणावर चिडायलात का काय?"

ती दचकली. खांबापलीकडे एक उंच मुलगा ओले केस झटकत उभा होता.

"पाठ करायले. स्टार्टअपच्या स्पर्धेचं."

"मग मला ऐकवा की. पाऊस काय आत्ता सोडत न्हाई."

तो हरिओम, मादन हिप्परग्याचा. कॉलेजच्या स्टार्टअप केंद्रात स्पर्धकांची सादरीकरणं सुधारून द्यायचं काम करायचा. पहिल्या तीन स्लाइड त्यानं शांतपणे बघितल्या. चौथी होती 'आमचा उपाय'. तिच्यावर अकरा मुद्दे, कापडाचे थर, चाचण्यांचे आकडे.

"यात उपाय कुठं हाय?"

"हा सगळा उपायच की!"

"हे कापड हाय. कुणासाठी केलात? कामून केलात?"

मैत्रेयी पावसाकडे बघत राहिली. "माझ्या दादासाठी... सुगतसाठी. आमच्या गावी, ठाणाकुशनूरला, तुरीत खुरपताना साप चावला. बूट घरीच होते. काळ्या चिखलात बूट रुततात, जड होतात, म्हणून कुणी घालतच न्हाई. मी केलेलं हे पायकवच गुडघ्यापर्यंत येतंय. हलकं हाय, चिखल धरत न्हाई, सापाचा दात शिरत न्हाई." ती थांबली. "पण दादा गेल्यावर केले मी."

हरिओम हळूच म्हणाला, "अकरा मुद्दे काढ. एक फोटो ठेव. अडचण काय होती आन् तू काय बदललीस, एवढंच सांग. आन् घालून दाखव."

तो 'तू' म्हणाला होता. तिच्या ते लगेच लक्षात आलं.

"चिखल कुठनं आणू?"

"ते माझ्यावर सोड."

मग वीस दिवस रोज तालीम. रिकाम्या वर्गात तो परीक्षक होऊन पहिल्या बाकावर बसायचा.

"परीक्षकांकडं बघून बोल. माझ्याकडं कामून बघायलीस?"

"तूच तर समोर बसायलास."

"मग उठू?"

"...न्हाई."

बोलता बोलता ती हसायची, आणि मध्येच सुगत आठवून गप्प व्हायची. तेव्हा तो काही विचारायचा नाही. नुसता चहा पुढे सरकवायचा.

स्पर्धेच्या दिवशी मंचावर काळ्या चिखलाचं घमेलं होतं. पहाटे हरिओमनं स्वतः शेतातून भरून आणलेलं. मैत्रेयीनं आधी बूट घालून पाय रोवला. उचलला तेव्हा मणभर चिखल लोंबत होता. मग पायकवच घातलेला पाय रोवला आणि अलगद उचलला. चिखल निथळून गेला.

"शेतकरी घालतील का हे?" एका परीक्षकानं विचारलं.

"माझ्या दादानं घातलं असतं," ती म्हणाली.

तिची निवड झाली. बंगळूरच्या एका स्टार्टअप केंद्रात, वर्षभरासाठी.

स्टेशनवर तिची बॅग हरिओमच्या हातात होती. गाडी लागली तरी तो खालीच बघत होता.

"घरी तुझ्याबद्दल सांगितलो. अप्पा म्हणाले, बौद्धाची पोरगी आपल्या घरात चालायची न्हाई."

"मग तू काय म्हणालास?"

"...गप बसलो."

"मला तू आवडतोस, हरिओम. लई. आज जायच्या आधी सांगणारच होते."

"मलाबी... मलाबी तू आवडतीस. दिवाळीला येतो बंगळूरला."

"ये. पण अप्पांशी बोलून ये. गप बसून आलास तर मी भेटणार न्हाई."

तिनं बॅग घेतली. त्याची बोटं क्षणभर पट्ट्यावरच राहिली — मग सुटली.

दिवाळी आली, गेली. त्याचा फोन दोनदा आला. "बोललास का?" एवढंच तिनं विचारलं. दोन्ही वेळा पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मैत्रेयीनं उचलला नाही. वाजून थांबेपर्यंत तो दोन्ही हातांत धरून ती बसून राहिली.