श्वासविटेचे अकरा थर

नमुना-घराच्या भिंतीतून काढलेली गाभ्याची कांडी डॉ. उल्का सबनीसने सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि चुन्याचे पांढरे थर पुन्हा मोजले. वर्षाला एक, असे अकरा. पहिले आठ जाड, शेवटचे तीन बरोब्बर निम्मे.

"जिवाणू म्हातारे झाले असतील," श्वासविटेचे जनक डॉ. डाबरे म्हणाले. त्यांना घाई होती. विटेतले जिवाणू हवेतला कार्बन वायू खाऊन त्याचा चुना करतात आणि भिंत मुरत जाते, हा त्यांचा शोध. माती खणण्यापासून घर पाडून भुगा करेपर्यंत विटेचं सारं जीवनचक्र तपासायचं, हे उल्काचं काम. सोमवारी नमुना-घर पाडलं की शेवटचा टप्पा संपणार होता आणि पूरग्रस्तांच्या चार हजार घरांना परवानगी मिळणार होती.

"म्हातारपण असं एकदम निम्म्यावर येत नाही, सर. आणि नुसत्या हवेतून इतका चुना साचेल कसा? हा वायू दोन माणसांच्या उच्छ्वासाएवढा आहे. पुढे एकाच्या."

"घर तर रिकामं होतं. तुम्हीच दरवर्षी तसं लिहून सही केलीत."

केली होती खरी. आणि सही करून त्याच घरात सतरंजीवर बसून राखणदाराच्या बायकोच्या, कोंडाबाईच्या हातचा चहाही प्यायली होती! बांधकामाचा राखणदार बायकोसकट तिथंच चूल मांडतो, भिंतींवर पाणी मारतो, हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्याला 'राहणं' कुणी म्हणतच नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा. उल्काला स्वतःची लाज वाटली.

कोंडाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती.

"मग वीट नापास," तिने हे सांगताच डाबरे म्हणाले. "घरात माणूस नसेल तर उपाशी जिवाणू साठलेला चुनाच खाऊन टाकतील. वायू परत हवेत."

नापास नमुन्याला शेवटचा टप्पा नसतो. घर आता पाडायचं नव्हतं. निदान ही बातमी तरी राखणदाराला सांगावी म्हणून उल्का कांडी घेऊन निघाली.

राखणदार सटवाजी दारात बसून ट्रंकेला दोरी बांधत होता.

"निघालो बगा, म्याडम. लेक रोज फोनवर रडती, एकटे काय ऱ्हाता म्हनती. नातवाला अजून मांडीवर घेतलं न्हाई."

"काका, घर पाडणार नाहीत." त्याला बरं वाटावं म्हणून तिने कांडी पुढे केली. "हे जाड थर बघा. यात कोंडाबाईंचाही श्वास आहे. आठ वर्षांचा. चुना होऊन बसलाय."

सटवाजीने हात धोतराला पुसले, मगच कांडी घेतली. अंगठ्याने तो एकेक जाड थर चाचपत राहिला. डोळे मात्र वाहत होते.

"आन् घर बंद ऱ्हायलं तर?"

आयुष्यभर खरी उत्तरं द्यायची सवय. "जिवाणू उपाशी पडतील. आधी तुमचे तीन थर खातील, मग ते आठ."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. "पण काका, कधीतरी ते तसंही..."

सटवाजी गाठ सोडवू लागला होता. गाठ पक्की बसली होती, त्याला वेळ लागला. मग त्याने लेकीला फोन लावला.

"पारे, गाडी नको धाडू. न्हाई गं, बरा हाय म्या. हितं माणूस लागतंय."