अर्ध्यावर थांबलेला काटा

माझ्या मामाला काल काय जेवलास असं दोनदा विचारलं, तर तो दोन वेगळी उत्तरं देतो. ही गोष्ट मात्र त्याने मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा एका शब्दाचाही फरक पडला नाही.

म्हणून मी ती खरी मानतो.

दिवस मंगळवार. वेळ दुपारी अडीचची. लख्ख ऊन होतं. काळोख नव्हता, वारा नव्हता, कुठे कुत्रंही रडलं नाही.

जागा मामाचं गॅरेज. वर पत्रा, खाली तीन गाड्या मावतील एवढी फरशी, भिंतीपलीकडे वेल्डरचं दुकान.

मामा तेव्हा छप्पन्नचा. एकतीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली गेलेली. सकाळी शटर वर करतानाच त्याला ते कधी एकदा खाली ओढतो असं व्हायचं.

त्या सकाळी दहाला एक राखाडी गाडी आली. चालवणाऱ्या एक बाई होत्या.

गाडी मामाने लांबूनच ओळखली. माणसांचे चेहरे तो विसरतो, गाड्यांचे नाही.

"साहेब नाही आले?" त्याने विचारलं.

"ते गेले, मिस्त्री. आठ महिने झाले."

मामाच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

या साहेबांना गॅरेजात सगळे 'काटेवाले साहेब' म्हणायचे. दर पंधरा दिवसांनी हजर. एकच तक्रार, इंजिनच्या तापमानाचा काटा हलतोय. चष्म्याची डबी टेबलावर काट्यासारखी फिरवून तो कसा हलतो ते दाखवायचे. आधी अर्ध्यावर. मग पाऊण. मग एकदम तळाला. मग परत अर्ध्यावर. मामा गाडी फिरवून आणायचा, तेव्हा काटा शहाण्यासारखा मध्यभागी. वेल्डर म्हणायचा, "साहेब, काटा तुम्हाला बघूनच थरथरतो हो!" साहेबही हसायचे. पंधरा दिवसांनी परत यायचे.

"कसे गेले?" मामाने हळूच विचारलं.

"चढावर गाडी तापून बंद पडली. भर उन्हात एकट्याने ढकलत कडेला आणली. डॉक्टरांनी जड काही उचलू नका म्हणून बजावलं होतं. गाडी कडेला लागली... आणि हे तिथेच बसले. दुपारचे अडीच वाजले होते."

बाई हे सगळं पाठ झाल्यासारखं बोलत होत्या. थकलेल्या आवाजात, मध्ये न थांबता.

"तिकडच्याच गॅरेजात इंजिन खोललं. आत कसला तरी झडपेचा भाग अडकायचा म्हणे. कधी उघडायचा, कधी नाही. तो बदलला. गेल्या महिन्यात गाडी घरी आली, आणि आता हा काटा वरखाली होतोय."

"बघतो मी."

"एक विचारू?" बाई किल्ली देताना थांबल्या. "सासूबाई रोज म्हणतात, काटा लाल झाला तरी हाकत राहिला, त्याच्या निष्काळजीपणाने गेला. ऐकून ऐकून मीही तेच म्हणायला लागले. पण मिस्त्री, हे रस्त्यापेक्षा काट्याकडे जास्त बघायचे. मी चिडवायची, लग्न माझ्याशी केलंय की काट्याशी? मग त्या दिवशीच कसं दिसलं नाही त्यांना? तेवढं गाडीतून कळलं तर सांगा."

मामा म्हणाला, "संध्याकाळी या, ताई."

*

जॉबकार्ड अजून आहे. मी पाहिलंय. मामाचं अक्षर सरळ असतं.

तक्रार: काटा वरखाली होतो.

१०.४०. पाणी पूर्ण. गळती नाही.

११.१५. पाण्यात हवा अडकली असेल म्हणून ती काढली. फरक नाही.

११.५०. थर्मोस्टॅट (पाण्याची झडप) नवा. वेळेवर उघडतो. पंखा ठीक.

१२.२०. इंजिनला तापमापक लावला. ८८ अंश, ठीक. काटा पाऊण.

१२.२२. इंजिन ८८. काटा तळाला.

१२.२३. इंजिन ८८. काटा...

इथून पुढे अक्षर सरळ नाही.

काटा परत अर्ध्यावर आला होता. अर्धा, पाऊण, तळ, अर्धा. साहेब चष्म्याच्या डबीने दाखवायचे, अगदी तसाच.

मामाने इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिशात टाकली.

*

वेल्डर जेवायला बोलवायला आला.

"काय डॉक्टर, ताप उतरला का पेशंटचा?"

"पेशंटला ताप नाहीच. थर्मामीटरलाच भरलंय काहीतरी."

"मग चल की, दोन घास खाऊन घे."

"तू हो पुढे. कंबर टेकवतो जरा."

वेल्डर दुकानाचं शटर ओढून गेला. मामा बाकड्यावर आडवा झाला. दोन तास गेले, पण डोळा लागला नाही. कुठेतरी काहीतरी राहिलंय, आपण काहीतरी विसरलोय, असं आत टोचत होतं.

शेवटी तो उठला. आता एकच जागा बघायची राहिली होती, डॅशबोर्डच्या मागची वायर.

चालकाच्या सीटपुढे, पायांच्या जागेत पाठ टेकून, पाय दाराबाहेर टाकून, तो टॉर्च तोंडात धरून आत सरकला.

सगळं शांत होतं.

आणि मग...

टिक.

थोड्या वेळाने... टिक... टिक.

तापलेलं इंजिन बंद केलं की गार होताना असा आवाज करतं. मामाने तो आयुष्यात लाख वेळा ऐकलाय. पण ही गाडी बंद होऊन दोन तास झाले होते. असा आवाज लांबून आलेल्या गाडीचा असतो. चढ चढून आलेल्या.

टिक... टिक...

त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. हात वायरींमधून पुढे नेला. बोटाला काळी टेप लागली.

टेपचं टोक दुमडलेलं होतं.

मामाने ते टोक बोटाने परत चाचपलं.

टेप गुंडाळून झाली की टोक असं दुमडून ठेवणारा या धंद्यात त्याने दुसरा माणूस पाहिलेला नाही. उद्या जो कुणी उघडेल त्याला नख लावता यावं, म्हणून. त्याच्या उस्तादाने लावलेली सवय.

ही टेप त्याचीच होती.

आणि मग त्याला सगळं आठवलं. दीड वर्षापूर्वीची संध्याकाळ. कंबर मोडून आलेली. शटर अर्धं खाली. आणि साहेब आत वाकून, "मिस्त्री, काटा परत हलतोय हो..."

मामा तेव्हा हसून म्हणाला होता, "आणा, आज कायमचा बंदोबस्त करतो."

त्याने इंजिनकडून येणारी वायर डॅशबोर्डच्या मागे तोडली होती. तिच्या जागी रेडिओत असतो तसला एक चिमुकला रेझिस्टर काट्याला जोडून दिला होता. इंजिन गार असो की उकळत असो, काटा आता मध्यभागीच राहणार. वहमी गिऱ्हाइकांसाठी हे तो अधूनमधून करायचा. माणूस निवांत झोपतो, आपणही झोपतो.

त्यानंतर साहेब तक्रार घेऊन आले नाहीत.

म्हणजे साहेबांचं खरं होतं. झडप अडकत होती, काटा खरंच हलत होता. आणि त्या दिवशी चढावर इंजिन उकळत असताना, साहेब नेहमीसारखं काट्याकडे बघतच होते.

काटा अर्ध्यावर होता. मामाने बांधल्यासारखा.

त्याने टॉर्च त्या जागेवर धरला. तोडलेली वायर तशीच लोंबत होती. रेझिस्टरही जागेवर होता.

मग हा काटा हलूच शकत नव्हता.

तो कोपरावर कसाबसा उठला आणि वर पाहिलं. किल्ली खिशात मांडीला टोचत होती. वीज नाही, इंजिन नाही.

काटा अर्ध्यावर होता.

मग... पाऊण.

मग तो तळाला गेला नाही. वर जात राहिला. सावकाश. लाल रेषेला टेकला आणि तिथेच थांबला.

आणि गाडी हलली.

वीतभर. पुढे. फरशी सपाट होती, हँडब्रेक ओढलेला होता.

परत वीतभर.

मागून धाप ऐकू आली. दमलेल्या माणसाची. एक रेटा... मग धाप... मग रेटा. प्रत्येक रेट्याबरोबर दाराबाहेर पडलेले मामाचे पाय फरशीवर घासत पुढे जात होते.

मामा सांगतो, मी ओरडलो नाही. पळालोही नाही. भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी वाटत होतं.

तो एवढंच म्हणाला, "साहेब, राहू द्या... तुम्ही नका ढकलू."

धाप थांबली.

तो बाहेर आला तेव्हा मागे कुणी नव्हतं. उघडं शटर, ऊन, रिकामा रस्ता. घड्याळात दोन बत्तीस. आणि गाडी फरशीच्या अगदी कडेला, भिंतीला लागून नीट उभी केलेली.

*

मामाने रेझिस्टर काढला. इंजिनची वायर परत जोडली. दोन फेऱ्या मारल्या. इंजिन ८८, काटा जिथे हवा तिथे.

सहाला बाई आल्या.

"सापडलं?"

मामाने टेबलावर तो दाण्याएवढा तुकडा ठेवला. वायर सैल होती, असं म्हणायचं त्याने ठरवलं होतं. वाक्य तयार होतं. बाई घरी जाऊन तेच सांगतील, सासूबाईही गप्प बसतील.

पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"ताई, साहेबांना दिसलं नाही, कारण मी दिसू दिलं नाही. काटा मी बांधून ठेवला होता. ते बरोबर होते. मी दमलो होतो."

बाई उभ्याच राहिल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मामाला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आठ महिने..." त्या म्हणाल्या. "आठ महिने मी त्यांनाच बोल लावत होते."

मग गाडीत बसल्या. किल्ली फिरवली. बराच वेळ काट्याकडे बघत राहिल्या.

"आता हा हलणार नाही?"

"नाही, ताई."

"हलू द्यायचा होतात की हो, मिस्त्री."

एवढंच बोलून त्या गेल्या. परत कधी आल्या नाहीत.

*

जॉबकार्डावर शेवटी एक रकाना असतो, 'कारण'. मामाने आजवर एकही रकाना रिकामा सोडलेला नाही. हा रिकामा आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी दुपारचा गॅरेजात गेलो होतो. भिंतीलगतची ती जागा मोकळीच होती. मामा तिथे गाडी लावत नाही. मी बाकड्यावर मोबाईल बघत बसलो होतो. सगळं शांत.

आणि त्या मोकळ्या फरशीवरून...

टिक.

टिक... टिक...

मी मामाकडे पाहिलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला, कंबरेला हात लावून उठला आणि सावकाश तिथे जाऊन उभा राहिला. जशी समोर गाडीच आहे.

"बघतो हं, साहेब," तो म्हणाला. "आज नीट बघतो."

"मामा, हे रोज होतं?" मी विचारलं.

"रोज नाही."

"मग तू किती वेळ असा उभा राहतोस?"

त्याने वळून पाहिलं नाही.

"गाडी गार व्हायला लागतो तेवढा."