नोंदीतला बगळा

"मॅडम, असाल तशा या. आमच्या कारकुनाची गचांडी धरलीय एकाने."

इस्पितळाच्या अधीक्षकांना फोनवर धाप लागली होती. चौकशी अधिकारी बाई पोचल्या तोवर गचांडी सुटली होती. नोंदणीच्या खोलीत दोन टोकांना दोन माणसं बसली होती. एक कुलपं दुरुस्त करणारा, साठीचा, बोटं तेलाने काळी पडलेली. त्याची बायको मागच्या महिन्यात वारली होती. दुसरा तिथला कारकून. शर्टाचं तुटलेलं बटण मुठीत धरून बसलेला.

"हिच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती," कुलूपवाला म्हणाला. "ती यांनी पुढे ढकलली. नवी तारीख कळवतो म्हणाले. आम्ही वाट बघत बसलो आणि ती गेली. आज विचारायला आलो तर हा म्हणतो, तारीख ढकललीच नव्हती, तुमच्याकडूनच रद्द झाली! मी रद्द करीन?"

"तारीख ढकलली हे तुम्हाला कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"हिनेच. तिच्या मोबाइलवर निरोप आला होता."

"तुम्ही वाचला?"

"मी कशाला वाचू? तिने सांगितलं ना."

अधीक्षकांनी बाईंना बाजूला घेतलं. तारखा इस्पितळाच्या वेबसाइटवरून घेता आणि रद्द करता येत. पेशंटचा नंबर आणि जन्मतारीख घातली की झालं. रद्द केलं कोणत्या कॉम्प्युटरवरून, हे समजायला मार्ग नव्हता; तशी सोय कोणी केलीच नव्हती. पण कोणत्या ब्राउझरमधून केलं, तेवढं नोंदीत उतरत असे.

"नोंदीत 'हेरॉन' आहे," अधीक्षक म्हणाले. "कधी ऐकलंय हे नाव? मीही नव्हतं ऐकलं. राखाडी बगळ्याचं चित्र असतं त्यावर. आख्ख्या इस्पितळात तो वापरणारा माणूस एकच. पोरं त्याला बगळोबाच म्हणतात."

बाईंनी कारकुनाकडे पाहिलं.

"आणि रिकामी झालेली जागा ज्याला मिळाली, तो बगळोबाच्या शेजारच्या घरातला," अधीक्षक हळूच म्हणाले. "मला वरून विचारणा आलीय. उद्या संध्याकाळपर्यंत काही ठरलं नाही, तर याला कामावरून काढून प्रकरण पोलिसांकडे जाईल. मी काही करू शकत नाही."

बाई कारकुनाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या.

"हाच ब्राउझर का?"

"मॅडम, हा कॉम्प्युटर बघा. माझ्याआधी रिटायर व्हायला हवा होता. मोठा ब्राउझर उघडला की हा आचके देतो. बगळा कमी खातो, गुपचूप उभा राहतो. लोकांना वाटतं मी काहीतरी छुपं करतोय. माझी बायकोसुद्धा म्हणते, चारचौघांसारखं वागायला तुम्हाला काय होतं?"

"वेबसाइट उघडून दाखवा."

त्याने दाखवली. पान सरळ उघडलं.

"शेजाऱ्यासाठी केलंत?"

"जागा रिकामी झाली की ती आपोआप पुढच्याला जाते. त्यात माझा हात लागतच नाही." तो थांबला. "पण मॅडम, मी केलं नाही, हे मी दाखवू कसं? न केलेल्या कामाचा पुरावा कुठून आणू?"

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावरून माणूस खरा वाटत होता. पण खरे वाटणारे चेहरे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

दुपारी त्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना भेटल्या.

"ऑपरेशन झालं असतं तर वाचल्या असत्या?"

"सांगता येत नाही. न वाचण्याचीच शक्यता जास्त होती. पण नवऱ्याला आशा होती. एकदा तो औषधं आणायला गेला तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, ऑपरेशन झाल्यावर घरी कधी? मी म्हटलं, कदाचित जाताही येणार नाही."

"मग?"

"मग काही नाही. 'बरं' म्हणाल्या."

तिथून बाई कुलूपवाल्याच्या घरी गेल्या. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. मुलीने दार उघडलं. ती बालवाडीत शिकवत होती. आतल्या खोलीत पलंग होता, त्यावर नुसती गादी. पलंगाच्या पायथ्याशी टेबलावर एक जाडजूड जुना कॉम्प्युटर, वर फुलाफुलांचा कपडा.

"हिचा," कुलूपवाला म्हणाला. "विणकामाची चित्रं बघायची त्यावर. मला तर तो चालूही करता येत नाही. भंगारवाल्यानेसुद्धा घेतला नसता, पण ही पोरगी त्यात काहीबाही घालून चालवते."

"शेवटपर्यंत बघायच्या?"

"शेवटी कुठलं! तारीख ढकलली त्याच्याही आधीपासून तिला उठून बसवत नव्हतं. पोरगी पडद्यावरचं वाचून दाखवायची, ही पडल्या पडल्या ऐकायची."

मुलीने कपडा नीट केला. तो नीटच होता.

"चहा टाकते," ती म्हणाली आणि आत गेली. चहा काही आला नाही.

ऑफिसात परतल्यावर बाईंनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर बगळा उतरवून घेतला आणि इस्पितळाची वेबसाइट उघडली. पानाच्या डोक्यावर पिवळी पट्टी आली. हा ब्राउझर आमच्या ओळखीचा नाही, दुसरा वापरा किंवा स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जा.

बाई पट्टीकडे बघत राहिल्या. कारकुनाच्या पडद्यावर पट्टी नव्हती.

त्यांनी अधीक्षकांना फोन केला. "कारकुनाच्या रोजच्या कामाच्या नोंदी काढून ठेवा. जुन्यासुद्धा. आणि उद्या कुलूपवाल्यांना बोलवा. मुलीलाही घेऊन या म्हणावं."

फोन ठेवला, पण त्यांना बरं वाटलं नाही. 'मशीनची चूक' असं लिहून प्रकरण मिटवता आलं असतं. कुलूपवाल्याचं घर तसंच राहिलं असतं. पण मग कारकुनाच्या कपाळावरचा डाग कोण पुसणार? कुठूनही गेलं तरी कोणीतरी तुटणारच होतं.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांच्या खोलीत सगळे जमले. मुलगी बापाच्या मागे उभी राहिली.

"तारीख कारकुनाने रद्द केली नाही," बाई म्हणाल्या.

"मग बगळा काय उडत आला?" कुलूपवाला उसळला.

"सांगते. काका, अनोळखी ब्राउझर दिसला की ही वेबसाइट पिवळी पट्टी दाखवते. यांच्या पडद्यावर ती येत नाही. का?" त्या कारकुनाकडे वळल्या. "तुमचा बगळा खोटं नाव सांगतो."

कारकून गोंधळला. मग कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ते मीच बसवलं होतं! दर वेळी ती पट्टी घालवायचा कंटाळा यायचा. म्हणून बगळ्याला सांगून ठेवलं, वेबसाइटने विचारलं तर तू मोठा ब्राउझर आहेस म्हण. त्याला इतकी वर्षं झाली की माझ्या डोक्यातूनच गेलं."

"कालच बसवलं नसेल कशावरून?" अधीक्षकांनी विचारलं.

"नोंदी बघा ना. या वेबसाइटवर यांनी आजवर केलेलं प्रत्येक काम मोठ्या ब्राउझरच्या नावाने उतरलंय. तारीख रद्द झाली त्या दिवशीचंसुद्धा. आणि फक्त गुन्हा करताना आपलं खरं नाव सांगावं, इतका वेडा माणूस मला अजून भेटलेला नाही."

कारकुनाने मोठा श्वास सोडला. बाईंनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं. पुढचं बोलणं कठीण होतं.

"म्हणजे खरं नाव सांगणारा दुसरा बगळा कुठेतरी होता. हा ब्राउझर लोक केव्हा घेतात? जुन्या कॉम्प्युटरवर मोठे ब्राउझर चालेनासे होतात तेव्हा."

कुलूपवाल्याने मान वर केली.

"काका, वेबसाइटवरून गेलेला निरोपही मी पाहिला. 'आपल्या विनंतीवरून तारीख रद्द केली आहे,' एवढाच. ढकलल्याचा निरोप इस्पितळाने कधी पाठवलाच नाही. काकूंनी तुम्हाला तसं सांगितलं, म्हणजे खरं काय ते त्यांना माहीत होतं."

"तिला बसवत नव्हतं! ती कशी करील?"

"त्यांनी नाही केलं. तुम्हाला कॉम्प्युटर चालू करता येत नाही. मग घरात राहिलं कोण?"

कुलूपवाल्याने मान वळवली नाही.

"आईने सांगितलं," मुलगी म्हणाली. "मी नाही म्हटलं, बाबा. रडले, भांडले. ती म्हणाली, डॉक्टरांनी मला खरं सांगितलंय, मला ऑपरेशनच्या टेबलावर नाही जायचं, आपल्या घरात जायचंय. मी म्हटलं, बाबांना सांगू. तर म्हणाली, ते मला उचलून नेतील. शपथ घातली. पट्टी आली तेव्हा मला वाटलं, बरं झालं, होत नाही. तिने विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. म्हणाली, पुढे जा."

मुलगी बापाच्या मागून पुढे आली.

"काका, माफ करा," ती कारकुनाला म्हणाली. "तुमच्यावर आलं ते कालच कळलं. रात्रभर ठरवत होते सांगायचं. तोंडच उघडेना."

"राहू दे पोरी," कारकून म्हणाला.

अधीक्षक कागद सारखे करू लागले. "म्हणजे, तक्रार मागे घेतली असं धरायचं का?"

"धरा," कुलूपवाला म्हणाला. त्याने आपली काळी बोटं एकमेकांवर चोळली. मग मुलीला म्हणाला, "म्हणजे ते दिवस तिने मागून घेतले होते."

"हो बाबा."

"घरात राहायला."

"तुमच्याजवळ. तुम्ही दुपारी दुकान बंद करून तिच्याशेजारी येऊन बसायचात ना."

"बसायचो," तो म्हणाला. "आणि रोज एकच सांगायचो. तारीख येईल, धीर सोडू नकोस, तारीख येईल. ती नुसती माझ्याकडे बघत राहायची. दुसरं काही मी बोललोच नाही गं."